चुलीतला च

नाशिकजवळच्या ओझरच्या माणसाला परकी भाषा ही काही नवलाईची वस्तू नव्हे. १९६२ साली मिग विमानांच्या निर्मितीविषयी सोव्हिएत संघाशी बोलणी पक्की झाली, पुढच्या वर्षी नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर निवडून गेलेले यशवंतराव चव्हाण त्याच वर्षाच्या अखेरीस संरक्षणमंत्री झाले, आणि १९६४ पासून बाणगंगेकाठच्या या गावाच्या माळावर जो विमानांचा कारखाना उभा राहिला त्याच्या नकाशांपासून सुट्या भागांच्या कोष्टकांपर्यंत सारे मूळचे रशियन होते. मी १९८४ साली त्या कारखान्याच्या नकाशा-दफ्तरात रुजू झालो. रशियनची तेहतीस अक्षरे मी शब्दकोश मांडीवर घेऊन आणि वरिष्ठांची बोलणी खाऊन शिकलो. परंतु नकाशात जेवढे येते तेवढेच माझ्या वाट्याला आले. घट्ट करा, तपासा, पुसून कोरडे करा, हात लावू नका. माझी सारी रशियन आज्ञार्थी होती. एखाद्या रशियन माणसाला त्याच्या आईची खुशाली विचारण्याची पाळी आली असती तर मी त्याला ती घट्ट करायला सांगितले असते.

निवृत्तीनंतर, म्हणजे २०२२ साली, शेजारचा पदविका झालेला मुलगा जपानीच्या एका परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी माझ्याकडे आला, आणि अर्जातला मजकूर त्याला समजावून सांगता सांगता मी स्वतःच जपानीच्या वर्गात जाऊन बसलो. त्या वर्गाची आणि त्या परीक्षेची हकीकत या लेखात सांगायची आहे.

वर्ग एका घराच्या पुढच्या खोलीत भरतो. शिकवणारी मुलगी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची कन्या. पुण्यात जपानी शिकून, वरून दुसरी असलेली एन-२ ही श्रेणी उत्तीर्ण होऊन, दिवसा घरबसल्या भाषांतराची कामे करणारी आणि सायंकाळी गावातल्या मुलांना शिकवणारी. तिला मी फ्रॉकमध्ये बाणगंगेच्या पुलावर सायकल शिकताना पाहिलेले. पहिल्या दिवशी मी सवयीने म्हणालो, ‘अगं, हा दिवा जरा...’ आणि वर्गातली चौदा डोकी एकदम माझ्याकडे वळली. ती शांतपणे म्हणाली, ‘काका, बाहेर मी तुमची अगंच आहे. या उंबऱ्याच्या आत मात्र सेन्सेई. आणि तुम्हीही आत काका नाही, विद्यार्थी.’ जपानी भाषेत आदराचा हिशेब वयावर थोडा आणि आपण कोठे उभे आहोत यावर फार असतो, हे मला पुढे पुस्तकात वाचावे लागले नाही. गंमत अशी की सेन्सेई हा शब्द ज्या दोन चित्रलिपींनी लिहितात त्यांचा अर्थ ‘आधी’ आणि ‘जन्मलेला’ असा होतो. आपल्याकडे याला अग्रज म्हणतात. माझ्यानंतर तीस वर्षांनी जन्मलेल्या मुलीला मी तेव्हापासून अग्रज म्हणत आलो आहे, आणि ज्ञानाच्या वंशावळीत ते सर्वस्वी यथार्थ आहे.

परीक्षेचे नाव निहोन्गो नोऽर्योकु शिकेन, अर्थात जपानी भाषा-प्रावीण्य परीक्षा. जपान फाउंडेशन आणि तिची सहयोगी संस्था यांनी ती १९८४ साली सुरू केली, म्हणजे मी नकाशांवर वाकलो त्याच वर्षी. २००९ पर्यंत तिच्या चार श्रेणी होत्या. २०१० पासून पाच झाल्या, सर्वांत खालची एन-५ आणि सर्वांत वरची एन-१. डिसेंबरचा पहिला रविवार हा तिचा जुना मुहूर्त. पुढे जुलैच्या पहिल्या रविवारीही ती घेतली जाऊ लागली. जुन्या नियमांप्रमाणे खालच्या श्रेणीला सुमारे १०० चित्रलिपी व ८०० शब्द, तर वरच्या श्रेणीला २००० चित्रलिपी व १०,००० शब्द अपेक्षित असत. नव्या पद्धतीत अशा याद्या अधिकृतपणे प्रसिद्ध होत नाहीत, तरी शिक्षक मनात त्याच धरून चालतात. सारे प्रश्न पर्यायांचे. लिहायचे काही नाही, बोलायचेही काही नाही. पेन्सिलीने गोल काळा करायचा. एकूण गुण १८०, एन-५ ला त्यांपैकी ८० हवेत. येथपर्यंत ऐकून आमच्या वर्गातला एक जण म्हणाला होता, ‘मग सोपंच की.’ सेन्सेईंनी त्यावर फळ्यावर नुसता १९ हा आकडा लिहिला आणि तो पुसला नाही. त्या आकड्याकडे मी पुढे येणार आहे. त्याने माझी पुरती फजिती केली.

आता लिपी. जपानीत अक्षरांच्या दोन माला आणि तिसरी चित्रलिपी असे त्रिविध ओझे असते, आणि नवखा विद्यार्थी तेथेच खचतो. सेन्सेईंनी आम्हांला पहिली माला लिहून न दाखवता म्हणून दाखवली: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. दोनदा म्हणून झाल्यावर द्राक्षबागाईतदाराची एक मुलगी मागून म्हणाली, ‘ही तर आपली बाराखडीच आहे, मधली पोरं हरवलेली.’ इतके अचूक निरूपण मी एखाद्या भाषाशास्त्र्याच्याही तोंडून ऐकलेले नाही. कारण ही माला खरोखरच आपली आहे. आठव्या शतकात, ७३६ साली, बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू जपानला पोहोचला आणि ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी त्याच्या हस्ते झाला. नवव्या शतकाच्या आरंभी कूकाई हा जपानी आचार्य चीनमधून मंत्रविद्या आणि तिच्यासोबत सिद्धम् ही आपल्या देवनागरीची भाऊबंद लिपी घेऊन परतला. त्या लिपीच्या अध्ययनातून जपानी बौद्ध पंडितांनी आपल्या ध्वनींना संस्कृत वर्णमालेच्या क्रमाने बसवले. क-वर्ग, च-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य, र, व. च-वर्गाच्या जागी ‘सा’ आहे आणि प-वर्गाच्या जागी ‘हा’ आहे, याचे कारण त्या काळी या अक्षरांचे उच्चार अनुक्रमे च आणि प यांच्या जवळचे होते. ‘ना’ हा त च्या पाठीशी आणि ‘मा’ हा हा च्या पाठीशी का उभा, याचे उत्तर ओझरच्या पहिलीतल्या मुलालाही देता येईल. इंग्रजीतून शिकणाऱ्याला मात्र तो सारा क्रम घोकावा लागतो.

आणि मग तो ‘त्सु’. जगभरचे विद्यार्थी या ध्वनीपाशी अडखळतात, पाठ्यपुस्तके त्याच्यासाठी जिभेची चित्रे काढतात. सेन्सेई म्हणाल्या, ‘चूल म्हणा.’ आम्ही म्हटले. ‘आता चहा म्हणा.’ तेही म्हटले. ‘दोन्ही च एकच आहेत का?’ नव्हते, अर्थातच. चुलीतला च दंत्य, चहातला च तालव्य. मराठीने हा भेद कानात जपला आणि लिपीत मात्र त्याला वेगळे चिन्ह दिले नाही. ‘त्सुनामीतला त्सु म्हणजे चुलीतला च,’ सेन्सेई म्हणाल्या, ‘आणि चिचिमधला, म्हणजे वडिलांमधला, चि हा चिंचेतला च.’ दोन मिनिटांत एक धडा आटोपला. तसाच जाळ्यातला ज आणि जिवातला ज. ज्या गोष्टीसाठी परदेशी मुलांना आठवडे लागतात ती आमच्या तोंडात जन्मापासून होती. ती आहे हे कोणीतरी दाखवून द्यायचे तेवढे राहिले होते.

या लेखात मला सांगायचे मुख्य ते हेच. जपानी ही मराठीची नातलग नव्हे. दोन्ही कुळे भिन्न, आणि जे साम्य दिसते त्यातले बरेचसे केवळ योगायोगाचे. परंतु योगायोगाने मिळालेला आंबा काही कमी गोड लागत नाही. वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न होतो: ‘इकिमासु का’, जाता का? शेवटी ‘ने’ लावला की आपला ‘ना’ होतो: छान हवा आहे ना? क्रियापद दोन्हींकडे शेवटी येते, आणि शब्दांचे परस्परसंबंध शब्दांच्या मागे चिकटलेल्या प्रत्ययांनी दाखवले जातात: ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, ‘कारा’ म्हणजे पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत, ‘मो’ म्हणजे ही. ‘काल घेतलेले पुस्तक’ हे जपानीत ‘किनोऽ कात्ता होन’ असे शब्दास शब्द येते; इंग्रजीत मात्र आधी पुस्तक, मग जे, मग मी, मग घेतले आणि शेवटी काल, अशी सारी मिरवणूक उलटी फिरवावी लागते. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन पाहणे. ताबेते खाऊन, मिरु पाहणे. आणि दोन्ही भाषांत या पाहण्याचा डोळ्यांशी संबंध नाही. ‘कात्ते ओकु’ म्हणजे घेऊन ठेवणे. ‘ताबेते शिमात्ता’ म्हणजे खाऊन टाकले, आणि त्यातली ती किंचित अपराधाची किंवा कृतकृत्यतेची छटा दोन्हींकडे सारखी. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे या आपल्या जोड्यांसारख्या त्यांच्या ओचिरु-ओतोसु, किरेरु-किरु अशा जोड्या आहेत, आणि ‘मला जपानी कळते’ या वाक्यात कळण्याची क्रिया मी करीत नसून ती जपानीकडून घडते, हे जे आपल्या व्याकरणाचे मार्मिक वैशिष्ट्य आहे, तेच ‘वाकारु’ या क्रियापदाचेही आहे.

आणि असे असताना मराठी माध्यमातून आलेला आमच्या निफाड तालुक्यातला मुलगा जपानी शिकतो ती कशातून, तर इंग्रजीतून. आधी ‘खाऊन पाहणे’ याला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधायचे, ते सापडत नाही म्हणून ‘प्रयत्न करणे’ असा नियम पाठ करायचा, आणि मग त्या नियमावरून ताबेते मिरु ओळखायचे. शेजारच्या घरी जायला गावाला वेढा घालण्यातला हा प्रकार आहे. पुणे हे भारतातील जपानीच्या अध्ययनाचे प्रमुख केंद्र आहे. तेथे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात, अनेक खासगी वर्गांत मराठी मुलांनी जपानी शिकून नाव मिळवले. पुण्यात जपानी शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले. जपानवर प्रभाकर पाध्यांनी ‘तोकोनामा’ लिहिले, पुलंनी ‘पूर्वरंग’मध्ये लिहिले, शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवला. एवढे सारे ज्या भाषेत घडले त्या भाषेतून जपानीचे व्याकरण समजावणारा, परीक्षेच्या श्रेणीवार रचलेला, चांगला जाडजूड ग्रंथ प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात असायला हवा. ज्या विद्वानांची ही योग्यता आहे त्यांना माझी ही जाहीर विनंती आहे.

अर्थात मराठी जशी हात देते तशी पायही ओढते. ‘ला’ हा आपला प्रत्यय दोन कामे करतो; म्हणून ‘मुलाला पाहिले’ याचे जपानी करताना वर्गातल्या प्रत्येकाने, मीही, ‘ओ’ ऐवजी ‘नि’ लावला आणि प्रत्येकाच्या वहीवर तांबडी रेघ उमटली. वस्तू मोजण्याचे कोष्टक हा दुसरा जाच. आपण माणसांना जण आणि उरलेल्या सृष्टीला नग म्हणून मोकळे होतो. जपानीत लांबट वस्तूंना एक गणना, चपट्या वस्तूंना दुसरी, लहान प्राण्यांना तिसरी, आणि तीही स्थिर नाही: एक पेन्सिल इप्पोन, दोन निहोन, तीन साम्बोन. चित्रलिपीचे तर काय सांगावे! परीक्षेचा वार रविवार, जपानीत निचियोऽबि. लिहायला तीन चित्रे, त्यांतले पहिले आणि शेवटचे एकच, पण पहिल्यांदा ते ‘निचि’ असे वाचायचे आणि शेवटी ‘बि’. एकच कारकून सकाळी एका टेबलावर एका नावाने आणि सायंकाळी दुसऱ्या टेबलावर दुसऱ्या नावाने सही करतो, असे हे दफ्तर आहे.

सर्वांत मोठा धोका स्वरांच्या लांबीचा. ओबासान म्हणजे मावशी किंवा आत्या, ओबाऽसान म्हणजे आजी. शुद्धलेखनात ह्रस्व-दीर्घावरून रणे माजवणारे आपण, बोलताना मात्र इकार-उकारांची लांबी सर्रास गुंडाळतो, आणि ती सवय आपल्याला जपानीत नडते.

वर्गात येणारी मंडळी कोण, हेही सांगायला हवे. माझ्यासारखा हौशी एकच. बाकी पदविकेचे आणि आयटीआयचे मुलगे, दोघी परिचारिका, आणि द्राक्षबागांची मुले. जपानची लोकसंख्या घटते आहे आणि वृद्धांची संख्या वाढते आहे. म्हणून त्या सरकारने एप्रिल २०१९ पासून विशिष्ट कौशल्याच्या कामगारांसाठी नवा परवाना सुरू केला, भारताशी त्याविषयीचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पाच वर्षांत ५ लाख लोकांची देवाणघेवाण व त्यांत ५० हजार कुशल-अर्धकुशल भारतीय जपानला, असा संकल्प दोन्ही देशांनी जाहीर केला. या परवान्यासाठी कौशल्याच्या परीक्षेबरोबर भाषेचीही पात्रता लागते. तिच्यासाठी एन-४ चा दाखला चालतो. म्हणजे एन-५ ही आमच्यासारख्यांची हौस आणि एन-४ ही त्यांची भाकरी. सेन्सेई प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला, शक्य तर त्याच्या वडिलांदेखत, एक गोष्ट बजावतात: दाखला म्हणजे नोकरीचा हुकूम नव्हे, आणि जो मध्यस्थ दाखल्याआधी मोठी रक्कम मागतो त्याला पैसे देण्याआधी घरी येऊन मला विचारा.

परीक्षेचे वेळापत्रक द्राक्षाला विचारून केलेले नाही. डिसेंबरच्या परीक्षेचा खरा अभ्यास ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, आणि नेमक्या त्याच काळात फळछाटणी, मग विरळणी, मग घड औषधात बुडवण्याचे डिपिंग. हजेरी निम्म्यावर येते. ज्या मुलीने बाराखडीचे निरूपण केले ती विरळणीच्या कात्रीबरोबर खिशात शब्दांच्या चिठ्ठ्या ठेवी. द्राक्षाला जपानीत ‘बुदोऽ’ म्हणतात आणि युद्धकलेलाही ‘बुदोऽ’च, फक्त सुरांचा चढउतार निराळा, तिच्या मते डिसेंबरात बागेत उभे राहिले की दोन्हींत फारसा फरक उरत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारासाठी आम्ही शनिवारीच पुण्याला मुक्कामी गेलो. ओझरहून पुणे सुमारे २३० किलोमीटर. माझ्या दालनात सर्वांत वयस्कर मीच. पर्यवेक्षकाने मला पालक समजून बाहेर बसण्याची विनंती केली, ती मी प्रवेशपत्र दाखवून नामंजूर केली. शब्द, व्याकरण, वाचन सुरळीत पार पडले. मग श्रवण. ध्वनिफीत एकदाच लागते. कोणीएक बाई कोणाला तरी कोणत्या तारखेला भेटणार होती. चार तारीख म्हणजे ‘योक्का’, आठ तारीख म्हणजे ‘योऽका’. मी ऐकले ते काय, याचा विचार करीत राहिलो, आणि मी विचार करीत असताना पुढचा प्रश्न येऊन गेला, त्याच्या पुढचाही अर्धा गेला. नकाशा-दफ्तरातल्या माणसाची ही जन्मखोड आहे: शंका आली की थांबायचे. नकाशा थांबतो. आवाज थांबत नाही.

निकाल जानेवारीच्या अखेरीस लागला. भाषाज्ञान आणि वाचन १२० पैकी ८४, श्रवण ६० पैकी १७, एकूण १०१. उत्तीर्ण होण्यास ८० पुरेत. मी नापास होतो. कारण श्रवणात स्वतंत्रपणे किमान १९ लागतात. फळ्यावरच्या त्या आकड्याचा अर्थ मला तेव्हा पुरता उमगला. शेजारचा मुलगा त्याच दिवशी एन-४ उत्तीर्ण झाला होता. तो पेढे घेऊन आला आणि माझ्याकडे पाहून पेढ्यांचा पुडा पाठीमागे धरू लागला. तो मी मागून घेतला.

सेन्सेईंनी माझी समजूत घातली नाही. त्यांनी माझे पुस्तक काढून घेतले. ‘दोन महिने वाचायचं नाही. फक्त ऐकायचं, आणि ऐकता ऐकता मागून बोलत जायचं, सावलीसारखं.’ याला शॅडोइंग म्हणतात. आवाज पुढे, आपण अर्धा शब्द मागे. अर्थ कळो न कळो, थांबायचे नाही. परीक्षेत बोलण्याला एकही गुण नाही, म्हणून मुलांची तोंडे मिटूनच तयारी करून घेणारे वर्ग असतात. सेन्सेईंचे मत असे की कान हा तोंडातून उघडतो. जो ध्वनी आपण स्वतः लांब काढला नाही तो लांब होता हे आपल्याला कळत नाही. मी रोज सकाळी गच्चीवर ‘योक्का, योऽका’ करीत हिंडू लागलो, शेजारी सौ.ला विचारू लागले, साहेबांची प्रकृती बरी आहे ना.

आणि येथे ओझरने एक साह्य केले, जे पुण्यात मिळाले नसते. वर्ग चालू असता वरून कारखान्याचे सुखोई विमान जाते. त्या गर्जनेत ध्वनिफितीतले दोन-तीन शब्द बुडून जातात. आम्ही ‘पुन्हा लावा’ म्हणालो की सेन्सेई म्हणत, ‘परीक्षेत पुन्हा लावत नाहीत. गेलं ते गेलं, पुढचं ऐका.’ मे महिन्यापर्यंत मला बुडालेले शब्द सोडून देता येऊ लागले. ज्या विमानांच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यांनी मला म्हातारपणी ही तालीम दिली.

जुलैच्या पहिल्या रविवारी भर पावसात पुन्हा पुणे. श्रवणात या खेपेस ३१ गुण मिळाले, भाषाज्ञानात ७९. पाच कमी झाले, कारण पुस्तक काढून घेतले होते. एन-५ चा दाखला टपालाने आला. शेजारचा मुलगा कौशल्याच्या परीक्षेची तयारी करतो आहे, आणि द्राक्षवाली मुलगी माझ्याबरोबर एन-४ ला बसणार आहे. सध्या बागांत फळछाटणी चालू असल्याने वर्ग सायंकाळी सहाऐवजी साडेसातला भरतो.